भूत पकडणाऱ्यांची संघटना आणि तिचं एकमेव गुपित

(नांदेड इथं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



सुरुवातीला एक कबुली देतो. आजचा विषय मला तुमच्यातल्याच एका मुलानं दिला. गेल्या आठवड्यात भेटला तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. विचारलं, काय चाललंय? म्हणाला, "सर, रोलप्ले चालूय. आमची एक गुप्त संघटना हाय. आम्ही पिशाच्च, हडळ, नरलांडगे असले प्राणी शोधून मारतो." प्रत्येकाला टोपणनाव, प्रत्येकाकडं वेगळं हत्यार, वरून कुणीतरी 'मिशन' देतं, आणि मग सगळे मिळून लिहून लिहून गोष्ट पुढं नेतात. मी अर्धा तास ऐकत बसलो. खोटं कशाला बोलू, मजा आली.

मग त्याला म्हटलं, अरे, असली संघटना आपल्याकडं खरोखर आहे. लातूर-नांदेडच्या गावागावांत ती जाऊन आलेली आहे. तिच्यात शिक्षक आहेत, एसटीतले कर्मचारी आहेत, बँकेतले कारकून आहेत, डॉक्टर-वकील आहेत. निरोप आला की ही माणसं रात्री-अपरात्री भूत शोधायला निघतात. त्याचा विश्वास बसेना. म्हणून आज हे व्याख्यान.

तुमच्या खेळात तीन गोष्टी पक्क्या असतात. एक, तो अतींद्रिय प्राणी खरा असतो. दोन, संघटना गुप्त असते. तीन, शेवटी प्राणी मरतो आणि मिशन संपतं. खऱ्या संघटनेत या तिन्ही गोष्टी उलट्या असतात. कशा, ते बघू.

जगात भूत कुणी कुणी शोधलं?

आधी थोडं बाहेर डोकावू. भूत शोधणाऱ्यांचं मंडळ ही कल्पना आजची नाही. लंडनमध्ये १८६२ साली 'घोस्ट क्लब' निघाला. १८८२ साली तिथंच 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' स्थापन झाली. तिच्यात चांगले नावाजलेले प्राध्यापक होते. भुताचा दावा आला की हसायचं नाही आणि डोळे झाकून मानायचंही नाही, तपासायचं, ही त्यांची भूमिका होती.

त्या काळात युरोप-अमेरिकेत मृतात्म्यांशी बोलण्याचं मोठं वेड होतं. त्याची सुरुवात १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात झाली. फॉक्स कुटुंबातल्या दोन लहान बहिणी. त्यांच्या घरात रात्री टकटक आवाज यायचे. विचारलेल्या प्रश्नाला टकटक करून उत्तर मिळायचं. बघता बघता त्या मुली प्रसिद्ध झाल्या, हजारो लोक त्यांच्या बैठकांना येऊ लागले. चाळीस वर्षांनी, १८८८ साली, त्यांच्यातल्या मॅगीनं भर सभेत सांगितलं की आवाज आम्ही पायाच्या बोटांचे सांधे मोडून काढायचो. नुसतं सांगितलं नाही, मंचावर करून दाखवलं. पुढं तिनं ही कबुली मागेही घेतली, पण आवाज कसा निघतो ते तोवर लोकांनी ऐकलेलं होतं.

इथं मला एवढंच लक्षात आणून द्यायचंय की दोन लेकरांनी केलेली गंमत मोठ्यांनी इतकी उचलून धरली की त्यांना ती चाळीस वर्षं खाली ठेवता आली नाही. हे डोक्यात ठेवा. पुढं कामाला येईल.

आणि रोलप्ले म्हणाल तर हॅरी हुडिनी, जगप्रसिद्ध जादूगार. १९२० च्या दशकात तो खोटी दाढी लावून, वेश बदलून अशा बैठकांना जाऊन बसायचा आणि बुवाबाजी उघडी पाडायचा. त्याच्यासाठी रोझ मॅकेनबर्ग नावाची एक बाई काम करायची. कधी विधवा, कधी संशयी बायको, अशी सोंगं घेऊन ती आधी गावात जायची आणि सगळी माहिती काढून आणायची. म्हणजे तुमच्या खेळातला 'एजंट' शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय, आणि तो एक बाई होती.

आपल्या बाजूला श्रीलंकेत डॉ. अब्राहम कोवूर होते. केरळात जन्मलेले, वनस्पतिशास्त्राचे शिक्षक. त्यांनी झपाटलेल्या घरांच्या, अंगात येण्याच्या कितीतरी प्रकरणांचा छडा लावला. त्यांच्या पाठोपाठ बी. प्रेमानंद देशभर चमत्कार करून दाखवत आणि त्यामागची युक्ती सांगत फिरले. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली, आणि १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, आपण जिला अंनिस म्हणतो ती, स्थापन केली. तिच्या शाखा तालुक्या-तालुक्यात गेल्या. लपून नाही. नाव-पत्ता-फोन लिहिलेला फलक लावून.

आपल्याकडचं भूत: भानामती

प्रत्येक मुलखाचं आपलं भूत असतं. कोकणात चकवा आहे, समंध आहे. आपल्याकडं मराठवाड्यात, आणि शेजारच्या बिदर-तेलंगण भागातही, भानामती. तिकडं बाणामती म्हणतात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आजीकडून ऐकलं असेल.

भानामती म्हणजे काय होतं? घरावर दगड पडतात. दोरीवर वाळत घातलेले कपडे आपोआप पेटतात. पेटीतल्या लुगड्याला फाडल्यासारखे चिरे पडतात. भाकरीच्या टोपल्यात शेण निघतं. कुणाच्या तरी अंगावर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या उठतात. डोळ्यांतून खडे पडतात. आणि एक प्रकार असा, की गावातल्या बायका एकाएकी कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात, घुमायला लागतात. एक सुरू झाली की दुसरी, मग तिसरी.

मग काय होतं? देवरशी येतो, मांत्रिक येतो. 'बाहेरचं' आहे म्हणतो. करणी कुणी केली ते शोधावं लागेल म्हणतो. आणि बोट दाखवतो. बोट कुणाकडं? पाटलाकडं कधीच नाही. गावाच्या कडेला एकटी राहणारी म्हातारी, मूलबाळ नसलेली विधवा, शेताच्या बांधावरून भांडण असलेला भाऊबंद, नाहीतर ज्यांच्या बाजूनं कुणीच बोलणार नाही अशा वस्तीतलं एखादं घर.

आता खेळाला सुरुवात करू.

चला, केस घेऊ

समजा तुम्ही पाच जण संघटनेत आहात. ही केस मी रचलेली आहे. कुठल्याही एका गावाची नाही. पण अशा प्रकरणांत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी तिच्यात घेतल्यात.

संध्याकाळी फोन येतो. "सर, आमच्या घरावर आठ दिस झाले दगडं पडायलेत. काल कपडे पेटले. सूनबाईच्या अंगावर फुल्या उठायलेत. उद्या मांत्रिक येणारंय, पंधरा हजार मागायलाय. तुम्ही या."

पहिला प्रश्न. तुम्ही काय घेऊन जाल? (कुणीतरी म्हणालं, कॅमेरा. कुणी म्हणालं, लिंबू. हशा.) कॅमेरा नाही आणि लिंबूही नाही. एक वही आणि एक पेन. आणि तुमच्यात किमान एक बाई असलीच पाहिजे. का, ते नंतर कळेल.

गावात शिरल्या-शिरल्या दोन गोष्टी करायच्या. घरच्यांकडून कबूल करून घ्यायचं की आम्ही असेपर्यंत मांत्रिक येणार नाही आणि कुणाला मारहाण होणार नाही. आणि गावातल्या चार समजदार माणसांना, सरपंच, पोलीस पाटील, मास्तर, यांना बरोबर घ्यायचं. 'काही नसतंय, सगळं थोतांड आहे' असलं वाक्य तोंडातून काढायचं नाही. घरातली माणसं घाबरलेली आहेत. आठ दिवस झोपलेली नाहीत. त्यांची भीती खरी आहे. भूत खोटं असलं तरी भीती खरी असते.

मग वही उघडायची आणि एकेक घटना लिहायची. कधी झाली? कुठं? पहिल्यांदा कुणी बघितली? त्या वेळी घरात कोण कोण होतं? कोण नव्हतं? बस, एवढेच प्रश्न. सगळी हुशारी या कंटाळवाण्या वहीत आहे.

दहा-बारा घटना लिहून झाल्या की त्या वहीत एक चित्र दिसायला लागतं. दगड कुठले आहेत? परसातले, इथल्याच मातीतले. आकाशातून आलेला दगड निराळा असता. दगड कधी पडतात? माणसं जागेवर नसताना. घरात पंधरा जण टक लावून बसले की भानामतीही बसून राहते. कपडे कुठले पेटतात? हाताला येणारे. कुलूप लावलेल्या आणि किल्ली आपल्या खिशात असलेल्या पेटीतले पेटत नाहीत. आणि फुल्या? फुल्या बघायला ती बाई कार्यकर्ती आत जाते. फुल्या असतात दंडावर, पोटावर, मांडीवर. पाठीच्या बरोबर मधोमध, जिथं आपला हात पोचत नाही, तिथं सहसा नसतात.

बिब्बा तुम्हाला माहीत आहे. परीट कपड्यावर खूण करायला वापरायचे तो. त्याचं तेल कातडीला लागलं की जळजळतं, फोड येतो, काळा डाग राहतो. गंमत म्हणजे लावल्या-लावल्या काही दिसत नाही. चट्टा नंतर, कधी कधी दुसऱ्या दिवशी उठतो. त्यामुळं 'आत्ता तर काही नव्हतं, आपोआप उठलं' असं बघणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटतं. बघणारा खोटं बोलत नसतो. त्यानं बघितलेलं खरं असतं, लावलेला अर्थ चुकलेला असतो.

मांत्रिकाच्या युक्त्याही अशाच. नारळावर पाणी शिंपडलं की पेट घेतो, कारण शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो. हळदीच्या पाण्यात चुना पडला की ते रक्तासारखं लाल होतं. हे आम्ही शाळेत करून दाखवतो आणि लगेच कसं केलं तेही सांगतो. 'कसं केलं ते सांगणं' हाच बुवात आणि आमच्यात फरक.

आता वही पुरी झाली. तुम्हा पाचही जणांच्या लक्षात आलंय की प्रत्येक घटनेच्या वेळी एकच व्यक्ती जवळ होती. समजा, ती धाकटी सून आहे. वय एकोणीस. खेळात आता काय होतं? हत्यार बाहेर निघतं, 'सापडली!' म्हणून ओरडतात, मिशन फत्ते.

खऱ्या संघटनेत नेमकं इथंच काम सुरू होतं.

पकडलेल्या भुताचं काय करायचं?

ती बाई कार्यकर्ती त्या सुनेला घेऊन बाजूला बसते. एकटी. सासू नाही, नवरा नाही. आणि ती तिला 'तूच केलंस ना' असं विचारत नाही. विचारते, "माय, तुला काय त्रास आहे?"

मग हळूहळू बाहेर येतं. सतराव्या वर्षी लग्न झालं. शाळा सोडावी लागली. माहेरी जाऊ देत नाहीत. नवरा ऊसतोडीला गेला की सहा महिने येत नाही. मूल होत नाही म्हणून टोमणे. सांगायचं कुणाला? बोलली तर उलट उत्तर देती म्हणून मार. पण फुल्या उठल्या, कपडे पेटले, की सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. कामाला कुणी लावत नाही. माहेरचे बघायला येतात. ज्या घरात तिच्या शब्दाला किंमत नव्हती, त्या घरात भुताच्या शब्दाला किंमत आहे.

कळलं का? ती भाषा आहे. दुसरी कुठली शिल्लक राहिली नाही तेव्हा वापरलेली. कधी ती सून असते, कधी वयात येणारं पोर, कधी परीक्षेच्या धास्तीनं कोंडलेलं लेकरू. फॉक्स बहिणी आठवा. गंमत म्हणून, राग म्हणून, कोंडी म्हणून सुरू होतं, मोठी माणसं ते इतकं मोठं करतात की करणाऱ्याला थांबताच येत नाही.

आता तुम्ही बाहेर येऊन अंगणात जमलेल्या दोनशे माणसांना सांगितलंत, 'हीच ती', तर काय होईल? विचार करा. मांत्रिकानं तिला एकदा मारलं असतं, तुम्ही तिला जन्मभरासाठी मारलंत.

म्हणून या कामाचा नियम असा आहे: भानामती करणाऱ्याचं नाव कधीही जाहीर करायचं नाही. गावाला नाही, पोलिसांना उगाच नाही, बातमीदाराला नाही, फेसबुकवर तर मुळीच नाही. त्या व्यक्तीकडून 'आता होणार नाही' असा शब्द घ्यायचा. घरच्यांशी बोलून तिचा त्रास कमी होईल अशी काहीतरी व्यवस्था करायची. माहेरी पाठवा, पुन्हा शाळेत घाला, दवाखान्यात दाखवा. आणि गावाला सांगायचं, की आम्ही तपास केलाय, यात अतींद्रिय काही नाही, आजपासून हे थांबेल. आणि ते थांबतं.

मी सुरुवातीला म्हटलं, संघटना गुप्त नाही. पण तिच्याकडं एक गुपित असतं, एकच. ज्याला सगळं गाव भूत म्हणत होतं, त्या माणसाचं नाव.

सगळंच सोंग नसतं

इथं एक सावधगिरी. बायका एकामागून एक भुंकायला लागतात, तेव्हा त्या नाटक करतात असं समजू नका. दगड मारणं हे हातानं केलेलं काम आहे. अंगात येणं, घुमणं, भुंकणं हे पुष्कळदा मनाच्या ताणातून शरीराला झालेलं असतं. त्या बाईला ते ठरवून करता येत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. एकीचं बघून दुसरीला होतं, यालाही वैद्यकशास्त्रात नाव आहे, सामूहिक उन्माद. शाळांत होतो, कारखान्यांत होतो, जगभर होतो. अशा ठिकाणी वही मिटायची आणि मानसोपचारतज्ज्ञाकडं न्यायचं. आपण डॉक्टर नाही.

आणि तिसरा प्रकार, जिथं माणसाचा हातच नसतो. नांदेडकरांना सांगायला नको. २००६-०७ मध्ये आपल्या शहरात जमिनीतून गूढ आवाज यायचे, हादरे बसायचे, लोक रात्री घराबाहेर येऊन बसायचे. त्या वेळी काय काय अफवा उठल्या, ते तुमच्या आई-वडिलांना विचारा. पुढं भूकंपमापक यंत्रं बसवून अभ्यास झाला. ते भूगर्भातले छोटे छोटे धक्के होते. लातूर जिल्ह्यात हासेगावला २०२२ च्या सप्टेंबरमध्ये असेच आवाज आले. आता लातूरच्या माणसाला जमिनीतला आवाज म्हणजे थट्टा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी, हजारो माणसं झोपेत गाडली गेली. त्याच्या आदल्या वर्षीही त्या भागात छोटे धक्के जाणवले होते. आवाज ऐकून घाबरणं अडाणीपणाचं नाही. त्या आवाजासाठी बोकड कापायचा का यंत्र बसवायचं, एवढाच प्रश्न आहे.

आणि यंत्रानंही नाही सांगितलं तर? तर 'अजून माहीत नाही' म्हणायचं. हे वाक्य लाजिरवाणं नाही. मांत्रिकाला ते कधीच म्हणता येत नाही, म्हणून तो मांत्रिक.

शिकार उलटते तेव्हा

अतींद्रिय प्राण्याची शिकार खरी मानून केली की तिचा शेवट कुठं होतो? दरवेळी माणसावर होतो. १६९२ साली अमेरिकेतल्या सेलम गावात काही मुलींना झटके यायला लागले. चेटकिणी शोधायचं ठरलं. रीतसर न्यायालय बसलं. १९ जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. चेटकीण एकही नव्हती.

तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. भूतबाधा उतरावी म्हणून आणून साखळदंडानं बांधलेले मनोरुग्ण. पळता आलं नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे.

आणि आपल्याच राज्यात, धुळे जिल्ह्यात राईनपाडा. १ जुलै २०१८. मोबाइलवर अफवा फिरत होती, पोरं पळवणारी टोळी आलीय. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, जमावानं ठेचून मारली. तिथं भूत नव्हतं, पण पद्धत तीच. आधी एक भयंकर प्राणी मनात तयार होतो, मग त्याला चेहरा शोधला जातो. चेहरा नेहमी त्याचाच मिळतो, ज्याला गावात कुणी ओळखत नाही.

म्हणून तुमच्या त्या खेळाकडं मी गंमत म्हणून बघतो, आणि थोडं दचकूनही. खेळात सगळ्यांना माहीत असतं की हा खेळ आहे. राईनपाड्यात कुणालाच माहीत नव्हतं.

हत्यार कुठलं?

खेळात तुमच्याकडं चांदीची गोळी असते. खऱ्या संघटनेकडं आता एक कायदा आहे. नाव लांबलचक आहे, आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो, २०१३ चा. त्याला अनुसूची जोडलेली आहे, तिच्यात बारा बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, घाण खायला लावणं. अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याचं जगणं मुश्कील करणं. साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं. हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. आणि यासाठी पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे.

वारी, कीर्तन, भजन, प्रवचन, देवळातली किंवा दर्ग्यातली प्रार्थना, याला हा कायदा हात लावत नाही. हे घरी जाऊन मुद्दाम सांगा, कारण उलटं सांगणारे पुष्कळ आहेत.

हा कायदा कसा आला, तेही ऐका. दाभोलकर त्यासाठी अठरा वर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ते पुण्यात फिरायला निघाले होते. पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. चार दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. १० मे २०२४ ला न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं. खून होण्याआधीही धमक्या होत्या, पण त्यांनी पोलीस संरक्षण घेतलं नाही. रोज ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्यानं जाणारा माणूस. इथं गुप्त कोण होतं, ते तुम्हीच ठरवा.

त्यांच्या जाण्यानंतर कार्यकर्ते काय करत होते? नाटक. अतुल पेठे यांनी कार्यकर्त्यांना रिंगणनाट्य शिकवलं. मंच नाही, पडदा नाही, लोक गोल उभे राहतात आणि मध्ये खेळ होतो. म्हणजे रोलप्लेच. सोंग घेऊन लोकांना फसवता येतं तसं सोंग घेऊन डोळेही उघडता येतात.

म्हणून तुमचा खेळ बंद करा असं मी म्हणणार नाही. एक बदल करून बघा. पुढच्या मिशनला तुमच्यातल्या कुणीतरी एकानं शिकाऱ्याची नव्हे, ज्याची शिकार होतेय त्याची भूमिका घ्या. गावाच्या कडेच्या म्हातारीची. त्या एकोणीस वर्षांच्या सुनेची. तिच्या तोंडून लिहा. दोनशे माणसं अंगणात उभी आहेत आणि सगळ्यांची बोटं तुमच्याकडं आहेत. काय बोलाल, लिहून बघा.

प्रश्नोत्तरं

*सर, तुम्ही स्वतः कधी घाबरलात का?*

हो. रात्री अनोळखी गावात, अंधारात, पत्र्यावर धाडकन दगड पडला की छातीत धस्स होतंच. भीती वाटणं आणि भूत मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी घाबरतो आणि मग टॉर्च घेऊन परसात जातो.

*माझ्या आत्याच्या अंगात येतं. घरचे दर गुरुवारी तिला घेऊन जातात. मी काय करू?*

भांडू नकोस. 'ते सगळं खोटंय' म्हणालास तर ती एकटी पडेल. जाताना तूही बरोबर जा. तिथं मारहाण, बांधणं, धुरी देणं काही होत असेल तर ते थांबव, पोलिसांना कळव. नाही होत, तर तिला एवढंच म्हण, आत्या, तिकडं जातोस तसं एकदा डॉक्टरकडंही जाऊ. १४४१६ हा टेलिमानस नावाचा सरकारी मदत क्रमांक आहे, फुकट आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. आणि गुरुवार सोडून इतर सहा दिवस तिच्याशी कोण बोलतं, तेही बघ. बहुतेक कुणीच बोलत नसेल. तू बोल.

*भानामती करणाऱ्याला शिक्षा व्हायला नको का? त्यानं कपडे जाळले, गावाला फसवलं.*

चांगला प्रश्न. पैसे उकळणारा मांत्रिक, कुणाचा जीव धोक्यात घालणारा माणूस, त्याच्यासाठी कायदा आहे आणि तो वापरायचाच. पण ज्या लेकराला आपलं दुःख सांगायला काडेपेटीशिवाय दुसरं साधन उरलं नाही, त्याला शिक्षा आधीच चालू असते. आपण फक्त ती थांबवायची.